शेफ बोलतो तेव्हा आपण नेमकं काय ऐकतो?

एखाद्या शेफशी तासभर रंगलेल्या पॉडकास्टमध्ये एकाच दमात कितीतरी गोष्टी येऊन जातात. कोवळ्या वयात किचनमध्ये लागल्याची आठवण, मोठ्या शेफने शिकवलेली युक्ती, अमुक पदार्थ तमुक राणीसाठी कसा जन्माला आला याची कथा, मांस भाजताना आत काय घडतं याचं शास्त्र आणि मध्येच टीव्हीवरच्या स्पर्धेतला एखादा किस्सा. हे सगळं एकाच आवाजात आणि सारख्याच खात्रीने सांगितलं जातं, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही ते सारखंच खरं वाटतं. पण ही एका जातीची विधानं नाहीत. यातलं काही त्या माणसाने स्वतः केलंय, काही त्याने ऐकलंय आणि काही तो शास्त्राच्या किंवा इतिहासाच्या नावाने सांगतोय. प्रत्येकाची पडताळणी वेगळी असते. ती कशी करायची हे कळलं तर अशा गप्पांमधून खूप जास्त हाती लागतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी माध्यमाबद्दल थोडं. तांत्रिक बाजूने पॉडकास्ट ही अगदी साधी चीज आहे: इंटरनेटवर ठेवलेली एक ध्वनिफाइल आणि नवी फाइल आली की श्रोत्यांच्या अ‍ॅपला कळवणारी एक यादी. या यादीला आरएसएस फीड म्हणतात. 2000 च्या अखेरीस डेव्ह वायनर यांनी या फीडमध्ये ध्वनिफाइलचा पत्ता जोडायची सोय आणली, 2004 मध्ये अ‍ॅडम करी यांच्यासारख्यांनी तिचा वापर करून नियमित कार्यक्रम सुरू केले आणि जून 2005 मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. साध्या दर्जाची, म्हणजे 128 केबीपीएसची एमपी3 फाइल तासाला साधारण 58 एमबी भरते. एवढी फाइल ठेवायला आणि पोचवायला खर्च फार कमी येतो.

या स्वस्ताईमुळेच गप्पा लांबल्या. रेडिओवर प्रत्येक मिनिटाला दावेदार असतात. बीबीसीवर डेरेक कूपर यांनी 1979 मध्ये सुरू केलेल्या 'द फूड प्रोग्राम'ने अन्नाकडे गंभीर पत्रकारितेचा विषय म्हणून पाहिलं, पण तिथेही घड्याळ होतं आणि मागे संपादकांची फळी होती. पॉडकास्टमध्ये घड्याळ गेलं, ही मोठीच कमाई. पाहुणा आडवळणाने जाऊ शकतो, थांबू शकतो, चाळीस मिनिटांनी खरं बोलायला लागतो. पण बऱ्याच ठिकाणी घड्याळाबरोबर संपादकांची फळीही गेली. बोललेलं तपासून पाहणारं कुणी असेलच असं नाही.

त्यातून हा आवाज थेट कानात येतो. 1956 मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक निरीक्षण मांडलं होतं: टीव्ही-रेडिओवरचा निवेदक रोज भेटतो, आपल्याशी बोलल्यासारखं बोलतो, आणि प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटायला लागतो. नातं एकतर्फी असतं, पण जवळीक खरी वाटते. इअरफोन लावून, भांडी घासताना किंवा प्रवासात एकट्याने ऐकल्या जाणाऱ्या माध्यमात ही जवळीक कैक पटींनी वाढते, आणि ओळखीच्या माणसाला आपण पुरावा मागत नाही.

आता एडिटिंगच्या टेबलावर जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये होस्ट आणि पाहुणा यांचे माइक वेगळे आणि ट्रॅकही वेगळे असतात. दोघं दोन शहरांत असले तर प्रत्येकाच्या बाजूला स्वतंत्र रेकॉर्डिंग होतं आणि नंतर ते जुळवलं जातं. ट्रॅक वेगळे असल्यामुळे एकाचं खोकणं दुसऱ्याच्या वाक्याला धक्का न लावता काढता येतं. 'अं', 'म्हणजे', पुन्हा सुरू केलेली वाक्यं आणि लांबलेल्या शांतता कापल्या जातात. काप ऐकू येऊ नये म्हणून तो श्वासाच्या आधी किंवा नंतर घेतात, आणि खोलीत कुणीच बोलत नसतानाचा जो मंद आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवलेला असतो तो फटीत भरतात. काम नीट झालं तर श्रोत्याला पत्ताही लागत नाही.

समजा पाहुणा असं बोलला: "हा पदार्थ, म्हणजे आमचे मोठे शेफ सांगायचे हं, मला नक्की नाही माहीत, पहिल्यांदा राणीसाठी केला गेला, असं म्हणतात." वाक्य अडखळतंय, भाग आधीच लांबलाय. एडिटर मधला तुकडा आणि शेपूट काढतो. उरतं काय? "हा पदार्थ पहिल्यांदा राणीसाठी केला गेला." एकही शब्द खोटा घातलेला नाही. पण ऐकीव गोष्टीचं विधान झालं, आणि ते शेफच्या स्वतःच्या आवाजात झालं. यात कुणाचाही वाईट हेतू नसतो. बोलण्यातली अडखळ आणि बोलण्यातला प्रामाणिक संशय या दोन्ही गोष्टी कानाला सारख्याच लागतात, म्हणून एडिटरच्या हातून दोन्ही एकत्र जातात. त्यानंतर कुणी त्याची चाळीस सेकंदांची क्लिप बनवतं, आणि मूळ भागात पुढे-मागे उरलेला एखादा 'बहुतेक'ही तिच्यात येत नाही.

पदार्थांच्या जन्मकथांना हे फार मानवतं, कारण त्या आधीच घोटून गुळगुळीत झालेल्या असतात. मार्को पोलोने चीनमधून इटलीत पास्ता आणला, ही त्यातली सर्वात टिकाऊ कथा. मार्को पोलो 1295 मध्ये व्हेनिसला परतला. पण त्याच्या तब्बल 141 वर्षं आधी, 1154 मध्ये, सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या दरबारातला भूगोलकार अल-इद्रीसी लिहून गेलाय की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात 'इत्रिय्या' नावाच्या पिठाच्या शेवया मोठ्या प्रमाणावर बनतात आणि जहाजांनी दूरवर पाठवल्या जातात. जेनोआतला एक कागद तर आणखी बोलका आहे. 1279 मध्ये तिथल्या एका नोटरीने पोंझिओ बास्तोने नावाच्या माणसाच्या मालमत्तेची यादी केली, आणि त्या यादीत मॅकरोनीने भरलेली एक टोपली आहे. म्हणजे मार्को पोलो घरी यायच्या सोळा वर्षं आधी जेनोआत मॅकरोनी ही मालमत्तेत नोंदवण्याजोगी, ठेवणीतली चीज होती.

मग कथा आली कुठून? 1929 मध्ये अमेरिकेतल्या पास्ता उत्पादकांच्या संघटनेच्या 'द मॅकरोनी जर्नल' या मासिकाने मार्को पोलोच्या जहाजावरच्या एका खलाशाची रंजक गोष्ट छापली. तो खलाशी म्हणे पूर्वेकडे शेवया करायला शिकला. उद्देश पास्ता विकण्याचा होता. 1938 मध्ये गॅरी कूपरच्या हॉलिवूडपटात मार्को पोलो पडद्यावर नूडल्स खाताना दिसला आणि कथा घरोघरी पोचली. व्यापारी मासिकातली करमणूक अशी दहा वर्षांत इतिहासाच्या जागी जाऊन बसली.

फ्रान्समधल्या कथांचंही असंच. 1533 मध्ये कॅथरिन दे मेडिची चौदाव्या वर्षी लग्न होऊन फ्रान्सला गेली आणि तिच्या इटालियन आचाऱ्यांनी फ्रेंच पाककला घडवली, असं सांगतात, पण त्या काळातला पुरावा याला दुजोरा देत नाही. 1683 च्या व्हिएन्नाच्या वेढ्यानंतर तुर्कांच्या चंद्रकोरीवरून क्रोसाँ जन्मल्याचं सांगतात. चंद्रकोरीच्या आकाराचा किपफेर्ल पाव ऑस्ट्रियात वेढ्याच्या कितीतरी आधीपासून होता. त्याचं बोट धरून व्हिएन्नाची बेकरी पॅरिसमध्ये आणली ती ऑगस्ट त्सांगने, 1830 च्या दशकाच्या शेवटी. आज आपण खातो तो पापुद्र्यांचा क्रोसाँ त्याच्याही नंतरचा.

या कथांची ठेवण बघा. एक राजा किंवा राणी, एक लढाई किंवा लग्न, एक दिवस, एक शोधक. खरा पदार्थ असा क्वचितच जन्मतो. तो अनेक हातांतून, अनेक पिढ्यांत, धान्याच्या भावाबरोबर आणि चुलीच्या प्रकाराबरोबर बदलत जातो. ते तीस सेकंदांत सांगता येत नाही, राणीची गोष्ट सांगता येते. म्हणून पॉडकास्टमध्ये जन्मकथा आली की एकच प्रश्न मनात ठेवावा: घटना कधीची आणि तिचा पहिला लेखी उल्लेख कधीचा? दोन्हींत दोनशे वर्षांचं अंतर असेल तर ती आख्यायिका समजून ऐकावी. आख्यायिकेलाही स्वतःची किंमत असते. एखादा समाज आपल्या अन्नाबद्दल काय मानू इच्छितो हे तिच्यातून कळतं.

शास्त्राच्या विधानांकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहावं लागतं, कारण तिथे शेफ अर्धा बरोबर असतो. 'मांस आधी तीव्र आचेवर भाजलं की बाहेरचा थर बंद होतो आणि रस आत कोंडला जातो', हे वाक्य अशा गप्पांत हमखास येतं. ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याच्या 1847 च्या लिखाणातून पसरली. पुढच्या प्रयोगांत ती टिकली नाही. अन्नशास्त्रावर लिहिणाऱ्या हॅरल्ड मॅगी यांनी 1984 मध्ये ती सामान्य वाचकांसमोर खोडून काढली. खरं तर प्रयोगशाळेचीही गरज नाही. भाजलेला तुकडा तव्यावर चुरचुरत राहतो, तो आवाजच रस बाहेर येऊन वाफ होण्याचा आहे. शंका असेल तर आधी आणि नंतर वजन करून पाहावं.

तरीही आधी भाजणं ही पद्धत बरोबरच आहे. तापल्यावर प्रथिनांतले घटक आणि साखर एकमेकांशी मिळून तपकिरी रंग आणि शेकडो नवे गंध तयार करतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार याने 1912 मध्ये या प्रक्रियेचं वर्णन केलं. चव तिथून येते. म्हणजे शेफचा हात बरोबर, फक्त त्याने सांगितलेलं कारण चूक. हात आणि कारण वेगवेगळे तपासायचे, हे एवढं जमलं तरी पाककलेवरच्या गप्पांतला निम्मा गोंधळ सुटतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने कमावलेल्या कृतीवर शंका घ्यायचं कारण नाही. ती का चालते, याचं स्पष्टीकरण मात्र बहुतेक वेळा त्याला कुणीतरी तोंडी दिलेलं असतं.

मग शेफने सांगितलेलं सर्वात विश्वासाचं काय? त्याचं स्वतःचं काम. इथे मात्र दुसरा कोणताही पुरावा त्याची बरोबरी करू शकत नाही. नामांकित फ्रेंच शेफ ऑगुस्त एस्कॉफिए तेराव्या वर्षी नीसमध्ये आपल्या काकांच्या रेस्टॉरंटमध्ये लागला आणि पुढे त्याने किचनची विभागवार रचना पक्की केली: सॉसचा वेगळा, भाजण्याचा वेगळा, गोडाचा वेगळा, आणि सगळ्यांवर एक प्रमुख. त्याचा 1903 चा पाककृतिग्रंथ आजही मिळतो. पण त्या किचनमधला सर्वात खालचा पोऱ्या रात्री घरी जाताना कसा दिसायचा, ऑर्डर चुकली तर काय व्हायचं, कुणी कुणाला सांभाळून घ्यायचं, हे ग्रंथात सापडत नाही. पाककृती लिहून ठेवली जाते. ती करणाऱ्या अंगाची सवय मात्र लिहिली जात नाही.

हे बाहेर काढणं होस्टच्या प्रश्नावर अवलंबून असतं. 'तुमचा प्रवास कसा होता?' असं विचारलं की पाहुणा शंभरदा सांगितलेलं भाषण काढतो. 'पहिल्या दिवशी तुमच्या हातात काय दिलं?' असं विचारलं की तो थांबतो. मग सांगतो: कांद्यांचं पोतं. मग कुठे बसवलं, सुरी कुणाची होती, किती वेळाने बोट कापलं, कुणी पट्टी आणून दिली, कुणी ओरडलं. एका ठोस प्रश्नामागे अख्खी खोली उघडते. वस्तू, जागा आणि क्रम विचारला की आठवण तयार साच्यातून बाहेर पडते. चांगला होस्ट त्यानंतरची शांतताही भरून काढत नाही, कारण पुढचं वाक्य बहुधा त्या शांततेतूनच येतं.

इतिहासाचे अभ्यासक हेच शिस्तीने करतात, त्याला मौखिक इतिहास म्हणतात. अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी 1948 मध्ये कोलंबिया विद्यापीठात या कामाचं केंद्र सुरू केलं. अन्नाच्या बाबतीत अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठातली सदर्न फूडवेज अलायन्स ही 1999 मध्ये सुरू झालेली संस्था आचारी, खाणावळवाले, मांस भाजणारे, मासेमार अशांच्या मुलाखती जमवत आली आहे.

आता अडचण अशी की माणूस स्वतःच्या कामाबद्दलही चुकीचं आठवतो. याचं मला सर्वात उलगडून दाखवणारं उदाहरण किचनमधलं नाही, पोलाद कारखान्यातलं आहे. इटलीतल्या तेर्नी शहरात 17 मार्च 1949 रोजी, इटलीने नाटोत जाऊ नये म्हणून निघालेल्या मोर्चात लुईजी त्रास्तुल्ली हा 21 वर्षांचा कामगार पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. पुढे इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तिथल्या कामगारांशी बोलायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांनी तो मृत्यू 1953 मध्ये झाल्याचं सांगितलं, कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या लढ्यात. तारीख चुकली, कारणही चुकलं, आणि तेही एकट्यादुकट्याचं नाही. पोर्तेल्ली यांनी ही चूक दुरुस्त करून बाजूला ठेवली नाही. त्यांनी विचारलं, सगळे एकाच दिशेने का चुकतात? त्यांचं उत्तर असं की आपल्या साथीदाराचा मृत्यू एका छोट्या झटापटीत, काहीही उत्तर न देता झाला, हे सोसणं कामगारांना जड गेलं. म्हणून स्मृतीने तो उचलून मोठ्या लढ्यात नेला, जिथे त्याला अर्थ होता. चुकीची तारीख शहराच्या मनाविषयी खरी माहिती देत होती.

शेफच्या आठवणींकडे असं पाहिलं की बरंच काही दिसू लागतं. कुणी सांगतं, अमुक शेफने ताट भिंतीवर भिरकावलं आणि त्या दिवशी मी खरा शिकलो. ताट खरंच भिंतीवर आपटलं की नुसतं ओट्यावर, याने फारसा फरक पडत नाही. एका अपमानाला शिकवणीचं रूप देऊनच तो त्या धंद्यात टिकला, हे महत्त्वाचं. तिथे होस्टने विचारायला हवं, आज तुमच्या किचनमध्ये असं घडलं तर? अनेक होस्ट तिथे हसून पुढे जातात, आणि त्या भागातला सर्वात मोलाचा क्षण हातचा जातो. याची मला खरोखर खंत वाटते.

कोण बोलायला बसतं, हाही प्रश्न आहेच. 11 फेब्रुवारी 1963 रोजी बॉस्टनच्या सार्वजनिक वाहिनीवर ज्युलिया चाइल्ड यांचा स्वयंपाकाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढच्या काही दशकांत स्वयंपाक करणारी माणसं करमणूक क्षेत्रातली मोठी नावं झाली. आज शेफ पॉडकास्टवर येतो तेव्हा त्याचं पुस्तक, मालिका किंवा नवं रेस्टॉरंट येत असण्याची शक्यता मोठी. त्यात गैर काही नाही, पण त्यामुळे ज्याच्याकडे विकायला काही नाही तो माइकसमोर क्वचितच येतो.

जेम्स हेमिंग्ज याचं नाव इथे घ्यायलाच हवं. तो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनचा गुलाम. 1784 मध्ये जेफरसनने त्याला फ्रेंच स्वयंपाक शिकण्यासाठी पॅरिसला नेलं. तो तिथे शिकला, जेफरसनच्या किचनचा प्रमुख झाला, आणि आपल्या भावाला सगळं शिकवून झाल्यावरच 1796 मध्ये त्याला स्वातंत्र्य मिळालं. 1801 मध्ये तो वारला. अमेरिकेतल्या फ्रेंच धाटणीच्या पदार्थांचं श्रेय पुढे कितीतरी वर्षं जेफरसनला मिळत राहिलं. निघण्यापूर्वी हेमिंग्जने किचनमधल्या भांड्यांची यादी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिली, ती मात्र उरली आहे. तांब्याची पातेली, कढया, साचे, सुऱ्या, एकेक नोंदलेलं. त्या पातेल्यांत तो काय करायचा, कसं करायचा, पॅरिसमध्ये त्याला काय वाटलं, हे त्याला कुणी विचारलं असल्याची नोंद नाही.

आज विचारणं सोपं आहे, आणि विचारलेलं जपणं अवघड. होस्टिंगची वार्षिक रक्कम भरायची राहिली की फीड बंद पडतं आणि भाग गायब होतात. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात पॉडकास्टआरई नावाचा प्रकल्प याच भीतीपोटी पॉडकास्ट साठवतो आहे. ज्यांना स्वतः अशा गप्पा रेकॉर्ड करायच्या आहेत त्यांनी मुलाखतीची तारीख आणि जागा सुरुवातीलाच बोलून घ्यावी, न कापलेली फाइल वेगळी ठेवावी, 'असं म्हणतात' हे शब्द एडिटमध्ये कापू नयेत आणि काही चुकीचं गेल्याचं लक्षात आलं तर पुढच्या भागाच्या तोंडाशीच सांगावं. वर्णनात लिहिलेली दुरुस्ती फार थोडे वाचतात, आणि जुनी फाइल बदलली तरी ज्यांनी ती आधीच उतरवून घेतली त्यांच्या फोनवर चुकीचंच वाक्य राहतं.